गाळलेल्या जागा : ताजिक संगीत-नृत्याच्या चित्रीकरणाची शंभर वर्षे

ताजिकिस्तानातील वाद्यांची नावे मराठी कानाला परकी वाटत नाहीत. दफ, कर्नाय, सुर्नाय, सेतोर, तनबूर, रुबोब. शाहिराच्या हातातला डफ, मिरवणुकीतला कर्णा, सनई, सतार, तंबोरा हे सगळे त्यांचे सगेसोयरे. ताजिक ही फारसीचीच एक शाखा आहे. फारसीतला दीर्घ 'आ' ताजिक बोलणारा 'ओ'कडे झुकवतो. म्हणून रुबाबचा रुबोब होतो, उस्तादचा उस्तोद आणि मकामचा मकोम. कवितेचे नातेही जवळचे आहे. मिर्झा अब्दुल कादिर बेदिल हा कवी जन्मला पाटण्यात, १७२० मध्ये वारला दिल्लीत. भारतात आज त्याची आठवण अभ्यासकांपुरती उरली आहे. ताजिक गायक मात्र त्याच्या गझला आजही गातात.

मी माहितीपटांचे संकलन करते. लोककलांच्या चित्रणावर काम करताना इतर देशांनी आपली गाणी आणि नाच कसे टिपले हे पाहण्याची सवय लागली, आणि त्या शोधात ताजिक चित्रणापाशी मी जास्त रेंगाळले. कारण असे, की या छोट्या, ९० टक्क्यांहून अधिक डोंगराळ देशाच्या कलेची नोंद गेली शंभर वर्षे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या हेतूंनी झाली आहे. दर वेळी काही टिपले गेले, आणि दर वेळी काही गाळलेही गेले. जे गाळले ते का गाळले आणि त्याचा पुढे त्या कलेवर काय परिणाम झाला, हे मांडण्याचा या लेखात प्रयत्न आहे. आपल्याकडेही हाती मोबाइल घेऊन लोककलांचे 'जतन' जोरात सुरू आहे. त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही.

तीन परंपरा, तीन जागा

'ताजिक संगीत' असे एकच काही नाही. ढोबळ मानाने तीन प्रवाह वेगळे करता येतात आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

पहिला प्रवाह शशमकोम. शश म्हणजे सहा. बुझ्रुक, रोस्त, नवो, दुगोह, सेगोह आणि इरोक हे ते सहा मकाम. मराठीतले बुजुर्ग, रास्त आणि मुक्काम हे शब्द ज्या घरातून आले, त्याच घरातली ही नावे. बुखाऱ्याच्या अमिराच्या दरबारात ही परंपरा आकाराला आली. प्रत्येक मकामाचे दोन मोठे भाग असतात. केवळ वाद्यांवर वाजणारा भाग 'मुश्किलोत' आणि गायचा भाग 'नस्र'. सगळ्या मिळून अडीचशेच्या आसपास रचना. चीज खालच्या स्वरांत सुरू होते, टप्प्याटप्प्याने वर चढते, 'औज' या शिखरावर पोचते आणि पुन्हा खाली उतरून विसावते. शिकण्याची रीत उस्तोद आणि शोगिर्द अशी, म्हणजे आपली गुरु-शिष्य परंपराच.

दुसरा प्रवाह फलक. फलक म्हणजे आकाश, आणि म्हणूनच नशीबही. दक्षिणेकडच्या कुलोब भागातले आणि पूर्वेकडच्या डोंगरांतले लोक दैवाशी, विरहाशी, मृत्यूशी जे बोलतात ते फलकमध्ये. बहुतेक वेळा चार ओळींची कविता, वरच्या पट्टीतला आवाज, बांधीव तालाशिवाय सैल सुटलेली लय. कधी गळा एकटाच असतो, कधी सोबत दोन तारांचे वाद्य किंवा गिजाक. स्त्रिया गातात, पुरुषही गातात. त्यासाठी दरबार लागत नाही की रंगमंच लागत नाही.

तिसरा प्रवाह पामीरचा, म्हणजे बदख्शानचा. हा स्वायत्त प्रांत देशाच्या जवळजवळ निम्म्या भूभागावर पसरलेला आहे, पण लोकवस्ती अगदी विरळ. इथले बहुसंख्य लोक इस्माइली पंथाचे. घरात शुघ्नी, रुशानी, वाखी अशा भाषा बोलल्या जातात. त्या ताजिकहून इतक्या वेगळ्या आहेत, की दुशान्बेच्या माणसाला त्या कळत नाहीत. भक्तिगीते मात्र बहुतेक फारसीत. 'मदोह' नावाचे हे भक्तिगायन रुबोब आणि दफ यांच्या साथीने, घरात, गुरुवारी रात्री किंवा कोणी गेल्यावर होते. लग्नात बायका दफ वाजवतात आणि सात मात्रांच्या ठेक्यावर नाच चालतो. आपल्या रूपक तालाच्या मात्राही सातच. तो अंगात मुरलेल्या वाचकाला हा ठेका चटकन सापडेल.

एक संगीत दालनातले, एक मोकळ्या डोंगरातले, एक घरातले. तिन्ही टिपायचे तर कॅमेराही तीन ठिकाणी, तीन रीतींनी ठेवायला हवा. प्रत्यक्षात बराच काळ तो एकाच ठिकाणी ठेवला गेला.

शब्दांविना सूर, सुरांविना चित्र

चित्रीकरणाकडे वळण्याआधी एका लिखित नोंदीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या साऱ्या कथेचा नमुना तिच्यात आहे. १९२० मध्ये बुखाऱ्याची अमिरी संपली आणि दरबारी गवयांचा आश्रय तुटला. नव्या लोकगणराज्यात शिक्षणखात्याची सूत्रे हाती असलेल्या अब्दुरऊफ फित्रत यांनी विक्तोर उस्पेन्स्की या रशियन संगीतज्ञाला बोलावले आणि वृद्ध उस्तादांकडून शशमकोम पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेतले. १९२४ मध्ये ते छापले गेले. सहा मकामांची ही पहिली छापील नोंद. पण तिच्यात एकही शब्द नव्हता. होते ते फक्त सूर.

गाणी तर होतीच. त्यांची कविता बहुतांशी फारसी-ताजिक होती, आणि ते दिवस मध्य आशियाचे भाषेच्या आधारावर तुकडे पाडण्याचे होते. त्याच १९२४ साली सीमा आखल्या गेल्या. बुखारा आणि समरकंद ही जुनी ताजिकभाषक शहरे उझबेकिस्तानात गेली. १९२९ मध्ये ताजिकिस्तान वेगळे सोव्हिएत प्रजासत्ताक झाले, पण या संगीताची मूळ नगरी त्याच्या हद्दीबाहेर राहिली. शब्द गाळल्यावर ते संगीत कोणत्याही भाषेचे म्हणून दाखवता येत होते. अभ्यासक या गाळण्याचा संबंध त्या राजकारणाशी जोडतात, तो मला पटतो. पुढे बोबोकुल फैझुल्लोएव, शोहनझर सोहिबोव आणि फझलिद्दीन शहोबोव या तीन उस्तादांनी शब्दांसह पाच खंडांची ताजिक आवृत्ती सिद्ध केली. ती १९५० ते १९६७ या काळात प्रसिद्ध झाली.

कॅमेरा आला तो याच दशकात, आणि त्याने उलटे केले. १९२७ मध्ये व्लादिमिर येरोफेयेव या सोव्हिएत माहितीपटकाराने एका वैज्ञानिक मोहिमेबरोबर पामीर ओलांडले आणि 'जगाचे छप्पर' या अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. १९२९ मध्ये दुशान्बेत पहिली आगगाडी आली, तिचे चित्रण हा ताजिक चित्रपटसृष्टीचा आरंभ मानला जातो. पुढच्याच वर्षी ताजिकफिल्म या स्टुडिओची स्थापना झाली. हे सगळे मूकपटाचे दिवस. मूकपटात वादकाचा हात दिसतो, तार हललेली दिसते, नाचणाऱ्याचे पाऊल दिसते. ते पाऊल कोणत्या मात्रेवर पडले हे कळायला मार्ग नसतो.

त्यातून एक अडचण यंत्राचीच होती. त्या काळचा कॅमेरा अनेकदा हाताने फिरवला जाई, आणि चित्रणाचा वेग फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे. आज तीच फीत ठरावीक वेगाने चालवली की माणसे तुरुतुरु पळतात आणि संथ नाच धांदरट दिसतो. अशा फितीवरून नृत्याची लय ठरवणे म्हणजे बंद पडलेल्या घड्याळावरून वेळ सांगणे. पेहराव, वाद्याचा आकार, बसण्याची पद्धत, गर्दीत कोण कुठे उभे आहे हे मात्र त्यात विश्वासाने पाहता येते.

रंगमंचासमोरचा कॅमेरा

बोलपट आला आणि चित्र व सूर एकत्र झाले. पण आता गाळली गेली ती जागा.

सोव्हिएत काळात प्रत्येक प्रजासत्ताकाची कला मॉस्कोत सादर करण्याचे दहा-दहा दिवसांचे उत्सव होत. ताजिक कलेचा असा उत्सव एप्रिल १९४१ मध्ये झाला. त्यासाठी ऑपेरा आले, बॅले आला, मोठे वाद्यवृंद आले. गिजाक आणि रुबोब यांची लहान-मोठ्या आकारांची कुटुंबे तयार करून त्यांचा पाश्चात्त्य धर्तीचा वृंद बसवण्याची कल्पना त्या काळी साऱ्या मध्य आशियात रुजली. नृत्याचेही तसेच झाले. घराच्या मधोमध एकटीने किंवा जोडीने, सुचेल तसे नाचायचा नाच रंगमंचावर आला, तेव्हा वीस-पंचवीस जणींनी एकाच वेळी, एकाच कोनात हात उचलायचा समूहनाच झाला.

या बदलाला केवळ नावे ठेवणे अन्यायाचे होईल. बाईने चारचौघांत नाचणे हीच जिथे धाडसाची गोष्ट होती, तिथे सरकारी नृत्यसंस्थांनी स्त्रियांना व्यवसाय, पगार आणि मान दिला. खुजंद, कुलोब आणि बदख्शान या तिन्ही भागांच्या शैली एका व्यासपीठावर आणल्या. उत्तरेकडच्या नाचातली बोटांची थरथर आणि दोइराच्या थापेशी जुळणारी मनगटे, कुलोबचा खांद्यांचा जोरकस खेळ, पामीरच्या नाचात पक्ष्याच्या पंखांसारखे पसरणारे हात, हा फरक देशाला त्यांच्यामुळे ठाऊक झाला.

पण कॅमेरा त्या व्यासपीठासमोरच उभा राहिला. प्रेक्षागृहाच्या मधल्या खुर्चीतून दिसते तेच त्याने पाहिले, म्हणून नाच पुढच्या बाजूने पाहण्याची वस्तू बनला. घरातल्या नाचाला पुढची बाजू नसते. चहूकडे माणसे असतात, नाचणारा एकाकडून दुसऱ्याकडे वळतो, कोणाला तरी ओढून मध्ये आणतो, दफ वाजवणारी त्याच्याकडे बघून ठेका बदलते. चित्रफितीत हे देणेघेणे नाही. पुढच्या पिढीतल्या मुली त्या चित्रफिती पाहून शिकल्या, तेव्हा त्या देणेघेणे नसलेलाच नाच शिकल्या. नोंद अशी मागून येऊन मूळ वस्तूला आकार देते.

गाळलेली दुसरी मोठी गोष्ट धर्म. धर्मविरोधी धोरणाच्या काळात मदोह रंगमंचावर येणे शक्यच नव्हते. त्यामुळे त्याचे सरकारी चित्रण झाले नाही, आणि तो घरातच राहिला. माझ्या मते हे गाळणे एका अर्थी पथ्यावर पडले. मदोह समूहगान झाला नाही, त्याची लांबी कोणी कापली नाही.

पाच खांबांचे घर

पामीरच्या या घराविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कॅमेऱ्यापुढची खरी अडचण तिथे कळते.

पामिरी घराला पाच खांब असतात. इस्माइली श्रद्धेप्रमाणे ते महंमद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांचे. छताच्या मधोमध एकात एक बसवलेल्या, वर वर लहान होत जाणाऱ्या चार लाकडी चौकटी, आणि शेवटी उघडा झरोका. भिंतींच्या कडेने मातीचे उंच ओटे, त्यांवर माणसे बसतात. मधला खोलगट चौक मोकळा असतो. नाच तिथे होतो. मदोह गाणारा ओट्यावर बसतो आणि ऐकणारे त्याच्या भोवती.

आता कॅमेरा ठेवायचा कुठे? कोपऱ्यात ठेवला तर खांब आड येतात. चौकात ठेवला तर नाचायला जागा उरत नाही. उजेड वरून, झरोक्यातून येतो. त्याच्या खाली उभा असलेला माणूस लख्ख दिसतो आणि ओट्यावरचे चेहरे अंधारात जातात. दिवे लावले तर घर हे घर राहत नाही, स्टुडिओ होतो. दफचा आवाज मातीच्या भिंतींत घुमतो आणि त्याखाली रुबोब दबतो. पामिरी रुबोब एकाच लाकडातून कोरलेला, वर कातडे ताणलेला, आवाजाने खोल पण हळू. गिजाक तर इथे अनेकदा पत्र्याच्या डब्याचा असतो. तेलाच्या वा खाऊच्या रिकाम्या डब्याला दांडा बसवून तारा ओढलेल्या. त्याचा किंचित पत्री, नाकातला आवाज हा त्या संगीताचा स्वभाव आहे. ध्वनिमुद्रण 'स्वच्छ' करायच्या नादात तो पुसला, तर ते वाद्यच बदलले असे म्हणावे लागेल.

या अडचणींमुळे अनेक चित्रपथके गायकाला बाहेर काढतात आणि हिमशिखरांच्या पार्श्वभूमीवर बसवून गायला लावतात. चित्र देखणे येते. पण मदोह डोंगराकडे तोंड करून गायचा नसतो. तो त्या पाच खांबांच्या आत, दुःखात असलेल्या किंवा आजारी माणसाच्या समोर गायचा असतो. मदोहाचा आजाऱ्यावर उपचार म्हणूनही उपयोग होतो; बेंजामिन कोएन या अमेरिकन अभ्यासकाने त्यावर २००९ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ऐकणारा माणूसच चौकटीतून काढून टाकला, तर त्या गाण्याचे कारण काढून टाकल्यासारखे होते.

कातरीचा प्रश्न

संकलनाच्या टेबलावर जे होते ते प्रेक्षकाला सहसा कळत नाही, म्हणून धंद्यातली एक गोष्ट सांगते. मैफलीच्या चित्रणात मध्येच श्रोत्यांच्या डोलणाऱ्या माना दिसतात. त्या नेहमीच श्रोते दाखवण्यासाठी नसतात. गायकाच्या दोन तुकड्यांमधला सांधा झाकण्यासाठी त्या असतात. बारा मिनिटांची चीज पाच मिनिटांची करायची, तर मधली सात मिनिटे त्या मानांमागे जातात.

पूर्वी ही सक्ती यंत्राची होती. चावीवर चालणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा एका चावीत अर्धा मिनिटही चालत नसे. शंभर फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपे, चारशे फुटांचे अकरा मिनिटांत. मकामातली एखादी चीज अखंड टिपणे त्यात अवघड, आणि सबंध मकाम तर अशक्यच. आज यंत्राची सक्ती नाही, तरी सवय उरली आहे. शशमकोमचे चित्रण बहुतेक वेळा थेट औजावर येते, कारण तिथे आवाज उंच जातो आणि गायकाचा चेहरा उजळतो. पण औज चढून यायचा असतो. खालच्या स्वरांतली सावकाश वाट गाळून फक्त शिखर दाखवणे म्हणजे बडा ख्याल वगळून शेवटच्या दोन ताना ऐकवणे.

नृत्यात कातरी आणखी घात करते. हाताचे जवळून चित्र घेतले की पाय जातात, पाय घेतले की हात जातात. ताजिक नाचात मनगट, खांदा आणि पाऊल यांचा एकमेकांशी असलेला संबंध हाच तर व्याकरणाचा भाग आहे. नृत्याचा तौलनिक अभ्यास करू पाहणाऱ्या अॅलन लोमॅक्स यांनी १९६०च्या दशकात जगभरच्या चित्रफिती जमवून हालचालींचे विश्लेषण केले. अशा कामाला तुकडे जोडलेली फीत फारशी उपयोगी पडत नाही; लागते ती पूर्ण देह दाखवणारी, न कापलेली फीत. जर्मनीत गॉटिंगेन येथे १९५२ पासून चाललेल्या वैज्ञानिक चित्रपटकोशाचा दंडक याच धर्तीचा होता: एका फितीत एकच विषय, आणि वरून संगीत नाही. असे चित्रपट पाहायला कंटाळवाणे असतात, पण पन्नास वर्षांनी ते उपयोगी पडतात. देखणा चित्रपट आणि उपयोगी नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही हव्यात, फक्त एकीला दुसरी समजू नये.

युद्ध, स्थलांतर आणि लग्नाच्या कॅसेट

९ सप्टेंबर १९९१ रोजी ताजिकिस्तान स्वतंत्र झाले आणि पुढच्याच वर्षी यादवी पेटली. १९९७ च्या जूनमध्ये तह होईपर्यंत हजारो माणसे मेली, लाखो घरदार सोडून गेली. त्याच सुमारास बुखारी ज्यू समाज मोठ्या संख्येने इस्रायल आणि अमेरिकेत गेला. शशमकोम गाणाऱ्यांत या समाजाचा वाटा फार मोठा होता. दुशान्बे नभोवाणीवर गाजलेल्या बर्नो इस्हाकोवा या थोर गायिकाही इस्रायलला गेल्या आणि २००१ मध्ये वारल्या. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आज शशमकोम ऐकू येते, ते याच स्थलांतरामुळे.

तहानंतर दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे गावांतले लाखो पुरुष कामासाठी रशियाला जाऊ लागले. फलकमध्ये 'गरीबी'ची, म्हणजे परदेशी एकटे पडल्याची गाणी पूर्वीपासून होती. त्यांना नवा अर्थ आला, पण गावात ती शिकायला मुलगे उरले कमी. दुसरी गोष्ट कायद्याची. लोक लग्नासाठी कर्जबाजारी होतात म्हणून २००७ मध्ये समारंभांवर मर्यादा आल्या: लग्नाला दीडशे पाहुणे आणि वेळ तीन तास. हेतू समजण्यासारखा आहे. पण जे संगीत रात्रभर चालणाऱ्या लग्नात वाढले, त्याला तीन तासांत काय काय गाळावे लागत असेल याचा विचार संगीताच्या अभ्यासकाला करावा लागतो.

याच काळात चित्रीकरण मात्र वाढले. आगाखान प्रतिष्ठानाच्या संगीत उपक्रमाने अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेबरोबर २००६ पासून मध्य आशियाच्या संगीताचे दहा भाग प्रसिद्ध केले. प्रत्येक भागात ध्वनिमुद्रणासोबत माहितीपटही होता. त्यातला दुसरा भाग अब्दुवली अब्दुरशीदोव यांच्या दुशान्बेतील मकाम अकादमीचा, पाचवा बदख्शानच्या कलावंतांचा. अब्दुरशीदोव यांच्या शिकवण्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते शिष्यांना गळ्याबरोबर अरूझ, म्हणजे फारसी छंदशास्त्रही शिकवतात. १९२४ मध्ये जे शब्द गाळले गेले, त्यांच्याकडे अशी परतीची वाट आहे. माहितीपटात ते शिकणे दिसते, आणि म्हणून तो केवळ मैफलीचा चित्रपट राहत नाही.

युनेस्कोची मान्यताही आली. शशमकोमला २००३ मध्ये, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान या दोन्ही देशांच्या नावे. फलकला २०२१ मध्ये. २०२४ मध्ये रुबाब घडवण्या-वाजवण्याच्या कलेला, अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान या चौघांच्या मिळून. अशा नामांकनासोबत दहा छायाचित्रे आणि पाच ते दहा मिनिटांची चित्रफीत द्यावी लागते. नियम अर्जापुरता आहे. पण अनेकदा तीच दहा मिनिटे जगभर पाहिली जातात आणि तीच त्या कलेची ओळख होऊन बसते.

माझ्या मते सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित साठा वेगळाच आहे. तो आहे लग्नाच्या कॅसेटचा. व्हिडिओ कॅमेरा गावोगाव पोचल्यापासून लग्न टिपणारा स्थानिक माणूस कोणत्याही अभ्यासकापेक्षा जास्त तास चित्रण करत आला आहे. त्याला कातरीची घाई नसते. तो नाच अखंड घेतो, कारण यजमानाला आपली आत्या, आपला काका पूर्ण दिसायला हवा असतो. देणेघेणे, थट्टा, दफ वाजवणाऱ्या बायका हे सगळे त्यात असते. फक्त डब्यावर नवरा-नवरीच्या नावापलीकडे काही लिहिलेले नसते, आणि चुंबकीय फीत झिजत चाललेली असते. जगभरच्या अशा फितींसाठी युनेस्को आणि ध्वनि-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये धोक्याची घंटा वाजवली होती. फिती वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भागच दुर्मीळ होत असल्याने २०२५ च्या सुमारास त्यांतले पुष्कळसे वाचणे बंद होईल, असा तो इशारा होता. आपल्या जत्रांच्या, जागरण-गोंधळाच्या कॅसेटचीही हीच गत आहे.

फीत कोणाची?

उरतो हक्काचा प्रश्न. टिपता येते म्हणून सगळे टिपावे का? उत्तरेकडे स्त्रिया शोकाच्या वेळी वर्तुळात फिरत 'सद्र' करतात. बायकांच्या बैठकीत, पुरुष नसताना नाचणारी बाई मोकळेपणी नाचते. ती फीत उद्या हातोहात फिरली तर तिचे काय? अशा वेळी कॅमेरा बंद ठेवून ऐकलेले आणि पाहिलेले लिहून काढणे हेही दस्तऐवजीकरणच आहे. नृत्यसंशोधकाच्या वहीला अजून पर्याय नाही.

आणि टिपलेले परत कोणाकडे जाते? याबाबत आपल्याच देशात एक धडा आहे. डच संगीतज्ञ आर्नोल्ड बाके यांनी १९३८ मध्ये दक्षिण भारतात फिरून गाणी मुद्रित केली, नाच चित्रित केले. १९८४ मध्ये नझीर जयराजभॉय आणि एमी कॅटलिन ती मुद्रणे आणि चित्रे घेऊन त्याच गावांत गेले आणि लोकांना दाखवली. नातवंडांनी आजोबांना ओळखले. काय टिकले, काय बदलले, काय बंद पडले हे लोकांनीच सांगितले. जयराजभॉय यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये पुण्यात लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचे अभिलेखागार सुरू झाले, ते नंतर दिल्लीकडे गेले. परदेशी संशोधकांनी नेलेल्या मुद्रणांच्या प्रती इथे असाव्यात, हा त्याचा एक मुख्य हेतू होता.

ताजिक चित्रणाला हेच करायला हवे. मॉस्कोत, युरोपात, अमेरिकेत असलेल्या फितींच्या प्रती खोरोग आणि कुलोबच्या शाळांत, संगीतविद्यालयांत पोचायला हव्यात. प्यांज नदीच्या पलीकडे अफगाण बदख्शान आहे, तिथे तीच भाषा, तीच गाणी. मार्क स्लोबिन यांनी १९६७ ते १९७२ या काळात उत्तर अफगाणिस्तानात ध्वनिमुद्रण केले होते. नदीच्या दोन्ही काठांची मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली, तर सीमा आखल्यानंतर कोणत्या काठाने काय गाळले हे तिथल्याच माणसाला आपल्या कानांनी कळेल.

यासाठी प्रत्येक फितीबरोबर एक साधा कागद हवा. गायक वा नर्तक कोण, कोणाकडे शिकला. भाषा कोणती. प्रसंग खरा होता की कॅमेऱ्यासाठी जमवलेला. ऐकायला कोण बसले होते. मूळ किती वेळ चालले आणि फितीत किती आहे. आणि शेवटी एक ओळ: आम्ही काय टिपले नाही, आणि का. १९२४ च्या त्या पुस्तकात 'शब्द होते, ते वगळले आहेत' एवढे जरी ठळक छापले असते, तरी पुढच्या वाचकाने ते शब्द कुठे शोधायचे हे लगेच विचारले असते. उस्ताद तेव्हा हयात होते.